तास कुठून आणायचा?



मागच्या व्याख्यानात आपण ‘सवय’ या कल्पनेबद्दल बोललो. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो. न्यायाची व्याख्या पाठ करून होत नाही. आज हाच मुद्दा जरा प्राथमिक शाळेच्या वर्गात नेऊन बघू.

शाळेत एखादी नीट आखलेली शिक्षणपद्धती येते. प्रशिक्षण होतं, साहित्याची पेटी येते. वर्षभराने जाऊन बघावं, तर पेटी कपाटावर धूळ खात पडलेली! असं का होतं? ‘शिक्षकच करत नाहीत’ हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. का पटत नाही, ते एका उदाहरणावरून सांगतो.

‘प्रथम’ ही मुंबईत सुरू झालेली संस्था तुम्हाला माहीत असेल. तिची एक पद्धत आहे. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचायला द्यायचं. कुणी अक्षरापाशी अडतं, कुणी शब्दापाशी, कुणी परिच्छेद वाचतं, कुणी पूर्ण गोष्ट. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे आणि रोज ठरावीक वेळ शिकवायचं. मूल पुढे सरकलं की त्याचा गट बदलायचा. बस्स, एवढंच.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, म्हणजे 2019 चे नोबेल मानकरी, यांनी सहकाऱ्यांबरोबर ही पद्धत अनेक राज्यांत तपासली. बिहारमधला अनुभव फार बोलका आहे. 2008 च्या उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनीच शिबिरं घेतली. मुलं वाचायला शिकली. पुढे शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, साहित्य मिळालं. पण नुसत्या तेवढ्याने फरक पडला नाही. आता बघा, शिक्षक सरकारी शाळेतलेच, पद्धतही तीच. मग बदललं काय? सुट्टीत शिक्षकापुढे एकच काम होतं. शाळेत त्याच कामाला पाठ्यपुस्तकाशी झगडावं लागलं.

आणि हा झगडा शिक्षकाच्या मनातला नाही, तो कायद्यातही आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शिक्षकाची कर्तव्यं सांगतो. अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करणं हे एक कर्तव्य. प्रत्येक मुलाची क्षमता ओळखून त्याला लागेल ती जादा मदत देणं हे दुसरं. दोन्ही योग्यच आहेत! पण घड्याळ एकच. एकदा एका बाईंनी मला विचारलं होतं, “सर, सगळं पटतं हो. पण हा तास घालू कुठे?” त्या वेळी मी काहीतरी मोघम उत्तर दिलं. आज वाटतं, खरा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

हरियाणाने 2012-13 मध्ये या प्रश्नाचं उत्तर दिलं. शाळेच्या दिवसात वाढवलेला एक तास या कार्यक्रमातल्या शाळांत फक्त याच कामासाठी ठेवला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं आपला वर्ग सोडून आपापल्या पातळीच्या वर्गात जात. देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस असे वर्ग घेतले. त्यामुळे त्यांचं सांगणं नुसतं फर्मान राहिलं नाही. मुलांचं हिंदी वाचन सुधारलं.

म्हणजे काय, तर ‘जमेल तसं करा’ असं सांगणं म्हणजे ‘करू नका’ असंच सांगणं. आपल्याकडे योगाभ्यास असो की गाण्याचा रियाज, त्याला वेळ नेमून दिलेली असते. उरलेल्या वेळात रियाज होत नाही.

तेव्हा तुमच्या शाळेत नवा उपक्रम आला, तर आधी तीन गोष्टी विचारा. रोज कोणत्या वेळी? त्या वेळेपुरतं काय बाजूला ठेवायचं? आणि ते बाजूला ठेवल्याबद्दल शिक्षकाला बोलणी बसणार नाहीत, याची हमी कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाने द्यायचं नसतं, मुख्याध्यापकांनी आणि अधिकाऱ्यांनी द्यायचं असतं. ते मिळत नसेल, तर पेटी कपाटावर गेल्याचा दोष शिक्षकाच्या माथी मारू नका.

कारण या सगळ्यात खरं नुकसान होतं ते पाचवीत बसून शब्दापाशी अडलेल्या मुलाचं. फळ्यावरचा धडा रोज पुढे जातो, आणि ते मूल तिथेच राहतं.

इथे थांबतो.