विम्याचा भार कोणाच्या शिरी?

गांधीबागेतील कापडाच्या पेढीवरील, राज्य कामगार विमा योजनेखालील २१,००० रुपये वेतनाचा एखादा गुमास्ता घेऊ. २०१९ च्या दरांनुसार विम्यापोटी त्याचे १५७.५० रुपये कापले जातात, मालक ६८२.५० रुपये भरतो. वेतन पाचशेने वाढले, की २०१७ साली ठरविलेली २१,००० ची मर्यादा ओलांडली जाते आणि चालू अंशदान-मुदत संपताच विम्याचे छत्र जाते. मालकाचा एकूण खर्च मात्र १८२.५० रुपयांनी घटतो! यापुढे कुटुंबाच्या खासगी विम्याचा हप्ता एकट्या गुमास्त्याने भरावयाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर रद्द झाला, हे स्वागतार्हच. परंतु करमाफीने मालकाचा वाटा भरून निघत नाही. वेतनवाढ ही शिक्षा ठरू नये, यासाठी ही मर्यादा महागाईशी निगडित करणे अगत्याचे आहे.