कानशिलावरच्या दोन नसा

आमच्या मुरुडकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही नसच. 'नस फुगली', 'नस दबली', 'नस तुटली', सगळीकडे शब्द एकच. एरवी त्याने काही बिघडत नाही. कानशिलावरची एक छोटी शस्त्रक्रिया मात्र अशी आहे, की तिथे एक नस कापून काढायची असते आणि दुसरीला धक्काही लावायचा नसतो. शस्त्रक्रिया करणारा माणूस म्हणून मला ती मोठ्या शस्त्रक्रियांइतकीच विचार करायला लावते.

ती ज्यासाठी करतात, त्या आजाराचं नाव जायंट सेल आर्टेरायटिस. पन्नाशीनंतरच होणाऱ्या या आजारात धमन्यांच्या भिंतींना सूज येते. कानशील ठणकतं, फणी फिरवली तरी डोक्याची कातडी दुखते, पटका बांधवत नाही. भाकरी चावताना जबडा भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं. डोळ्याकडे जाणारी बारीक धमनी बंद पडली तर दृष्टी जाते. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत मिळते. ही सहसा मिळत नाही. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी 1890 मध्ये, टोपी घालणंही असह्य झालेल्या एका वृद्धाचं वर्णन केलं होतं. उत्तर युरोपच्या मानाने आपल्याकडे हा आजार विरळ आहे, म्हणून संशयही उशिरा येतो.

संशय आला की स्टिरॉइड लगेच सुरू करायचं असतं, बायॉप्सीसाठी थांबायचं नसतं. मग कापायचं कशाला? कारण हे औषध बहुधा वर्षभर किंवा अधिक घ्यावं लागतं. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सत्तरीतल्या मधुमेही माणसावर एवढा भार टाकायचा तर पुरावा हवा. औषध सुरू झाल्यावरही धमनीतल्या खुणा लगेच पुसल्या जात नाहीत. एक-दोन आठवड्यांत तुकडा काढला तरी चालतं.

आता दुसरी नस. चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक शाखा गालाच्या हाडावरून कपाळाकडे चढते आणि भुवई उचलणाऱ्या स्नायूला चालवते. ब्राझीलचे शल्यचिकित्सक इव्हो पितांगी यांनी 1966 मध्ये तिची वाट आखून दिली: कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्याच्या अर्धा सेंटिमीटर खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वर जाणारी रेषा. धमनी कातडीखालच्या पातळ पडद्यात असते, मज्जातंतू त्याच पडद्याच्या खालच्या अंगाला. धमनीची पुढची फांदी कपाळाकडे वळते, तिथे दोघांतलं अंतर फार कमी उरतं.

म्हणून छेद भुवईजवळ न घेता वर आणि मागे, केसांच्या भागात घ्यावा. भूल देण्याआधीच बोटाने किंवा डॉपलरने नाडी शोधून शाईने खूण करावी, कारण इंजेक्शनच्या फुगवट्यात ती हरवते. धारदार पातं कातडीपुरतंच ठेवावं. पुढे धमनीच्या अगदी लगत, बोथट हत्याराने वाट काढावी. रक्त थांबवताना डाग देण्याचा मोह आवरावा, कारण उष्णतेनेही मज्जातंतू दुखावतो. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा. फॉर्मलिनमध्ये तो आक्रसतो, शिवाय सूज धमनीत सलग नसते, तुटक असते. त्यामुळे तुकड्यात काही सापडलं नाही तरी आजार नाहीच असं म्हणता येत नाही.

मज्जातंतू नुसता ताणला गेला असेल तर भुवई काही महिन्यांत पूर्ववत होते. तुटला तर ती कायमची खाली राहू शकते, पापणीवर भार येतो, वरचं दिसायला अडचण होते. सुश्रुताने मर्मं सांगताना कानशिलाचं शंखमर्म तत्काळ प्राणघातक मानलं, तर भुवईलगतची अपांग आणि आवर्त ही मर्मं व्यंग आणणारी म्हणून वेगळी काढली. जागा बोटभर बदलली की धोका बदलतो, हे जुनंच ज्ञान आहे.

घरच्यांनी शस्त्रक्रियेआधी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: छेद कुठे घेणार, आणि भुवया आधी उचलून पाहिल्या का? अलीकडे अनुभवी हातांत सोनोग्राफीवरही धमनीभोवती सुजेचं काळं कडं दिसतं आणि काही वेळा कापणं टळतं. मुरुडहून लातूर काही लांब नाही. वेळ जातो तो वयाच्या डोकेदुखीला 'चष्म्याचा नंबर वाढला असेल' म्हणण्यात, आणि या आजारात तेवढा वेळ डोळ्याकडे नसतो.