मॉडेम, राउटर, स्विच: घरातल्या नेटवर्कमध्ये कोणते उपकरण काय करते?

नेट हळू चालायला लागले की आपण आधी राउटर बंद करून पुन्हा चालू करतो. त्यानेही फरक पडला नाही, तर कंपनीला फोन करतो किंवा सरळ जास्त वेगाचा प्लॅन घेतो. पण नेट तुमच्या मोबाईलपर्यंत पोहोचते ते दोन-चार उपकरणांतून, आणि सगळ्या वाटेचा वेग ठरतो तो त्यातल्या सर्वांत हळू उपकरणावर. ते कोणते हे न शोधता प्लॅन वाढवला, तर दर महिन्याचे बिल वाढते आणि वेग मात्र तेवढाच राहतो. म्हणून बाहेरच्या तारेपासून मोबाईलपर्यंतची ही वाट क्रमाने समजून घेऊ.

मॉडेम आणि ओएनटी

मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांतून मॉडेम हा शब्द तयार झाला. टेलिफोनच्या तारेतून येणारे सिग्नल संगणकाला समजतील अशा रूपात बदलायचे आणि संगणकाकडून येणारे सिग्नल तारेवर पाठवता येतील असे करायचे, हे त्याचे काम.

आता अनेक घरांत तांब्याच्या तारेऐवजी फायबर येते. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा, आणि त्यातून माहिती जाते ती प्रकाशाच्या रूपात. या प्रकाशाचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणाला ओएनटी म्हणतात. त्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर बाहेरून प्रकाश नीट पोहोचत नाही असे समजावे. फायबर तुटलेली असते, जोडणी निघालेली असते किंवा तार कुठेतरी फार वाकलेली असते. अशा वेळी नवा राउटर आणून उपयोग नाही, कंपनीलाच बोलवावे लागते. फायबरची तार कधीही खिळ्याभोवती गुंडाळू नका. ती फार वाकली की प्रकाश काचेतून बाहेर निसटतो.

राउटर

कंपनी तुमच्या घराला साधारणपणे एकच आयपी पत्ता देते, पण घरात मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप अशी अनेक उपकरणे असतात. सोसायटीचा पत्ता एक असला तरी आत प्रत्येक फ्लॅटला वेगळा क्रमांक असतो, तसे राउटर प्रत्येक उपकरणाला आतला पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. कोणत्या उपकरणाने काय मागितले हे राउटर लक्षात ठेवतो आणि आलेले उत्तर त्यालाच पोहोचवतो.

ही सोय का करावी लागली? आयपीच्या जुन्या पद्धतीत एकूण सुमारे ४३० कोटीच पत्ते होऊ शकतात. जगातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता द्यायला ते पुरत नाहीत.

आजकाल ओएनटी, राउटर, स्विच आणि वायफाय ही चारही कामे बऱ्याचदा एकाच डब्यात असतात. त्यामुळे सगळ्यालाच आपण राउटर म्हणतो आणि नेमके काय बिघडले हे कळत नाही.

स्विच आणि हब

राउटरवर तारा जोडायला मोजकीच पोर्ट असतात. दुकानात किंवा ऑफिसात जास्त संगणक तारेने जोडायचे असतील, तर स्विच लावतात. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटचा मॅक पत्ता असतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि माहिती फक्त तिथेच पाठवतो. जुना हब मात्र आलेली माहिती सगळ्या पोर्टवर पाठवत असे, त्यामुळे गर्दी व्हायची.

स्विचवर १०/१०० असे लिहिले असेल, तर त्याचा वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. प्लॅन ३०० चा असला तरी त्या स्विचमागच्या संगणकाला १०० च्या वर मिळणार नाहीत. घेताना गिगाबिट स्विच घ्या.

लॅन केबल

लॅन केबलमध्ये ८ तारा असतात, पीळ दिलेल्या ४ जोड्यांमध्ये. आजूबाजूचा विद्युत अडथळा कमी व्हावा म्हणून हा पीळ असतो. कॅट ५ई प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस वेग देते.

१०० एमबीपीएससाठी ४ तारा पुरतात, गिगाबिटसाठी आठही लागतात. म्हणून एखादी तार तुटली तरी नेट अनेकदा चालूच राहते, फक्त वेग गुपचूप १०० वर येतो. साध्या केबलचा हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

वायफाय आणि ॲक्सेस पॉइंट

तारेतले नेट हवेतून पाठवणाऱ्या उपकरणाला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो, पण वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण भिंती त्याला लवकर अडवतात. म्हणून डबा लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीमागे लपवू नका, घराच्या मध्यावर आणि उंचावर ठेवा. वरच्या मजल्यावर सिग्नल पोहोचत नसेल, तर तिथपर्यंत लॅन केबल नेऊन वेगळा ॲक्सेस पॉइंट लावणे उत्तम. साधा रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि पुढे पाठवतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

दोष कुठे आहे ते कसे ओळखाल?

१. आधी ओएनटीवरचे दिवे पाहा. एलओएस लाल असेल, तर दोष बाहेरच्या तारेत आहे.

२. गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप चांगल्या केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. प्लॅनइतका वेग मिळाला, तर कंपनीकडून येणारे नेट ठीक आहे.

३. मग तोच लॅपटॉप स्विचमागे आणि शेवटी वायफायवर तपासा. जिथे वेग एकदम घसरतो, तिथे दोष आहे.

मोजताना एक लक्षात ठेवा. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिटचा १ बाइट होतो. म्हणजे २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट उतरतील. डाउनलोड करताना २४ दिसले, तर तुमचे नेट अगदी व्यवस्थित चालले आहे.