शहर वाढताना रस्ते कुठे तुटतात?

समजा, आपल्या घरापासून शाळा नकाशावर सरळ रेषेत 300 मीटर आहे, पण चालत जायला दीड किलोमीटर पडते. रस्ता रुंद करून हे अंतर कमी होत नाही. प्रश्न रस्ते एकमेकांना जोडलेले आहेत का, हा असतो. पुण्यापुरते पाहू.

आधी मोजणी. नकाशावर प्रत्येक ठिकाणी किती रस्ते मिळतात ते पाहा. चौकात चार, तिठ्यावर तीन आणि रस्ता जिथे संपतो तिथे एक. चौक जास्त तितकी जोडणी चांगली. इथे एक चूक हमखास होते. सोसायटीतला रस्ताही नकाशावर दिसतो, पण गेटवर वॉचमन अडवतो. तो रस्ता मोजणीत धरू नका.

जुन्या पेठांतले रस्ते अरुंद असले तरी जोडलेले आहेत. अप्पा बळवंत चौकाजवळ बाजीराव रस्ता तुंबला, तरी लक्ष्मी रस्त्याला निघायला आतल्या गल्ल्या आहेत.

मग शहर गावांकडे सरकते. शेतात जायला पाणंद असते, बैलगाडीपुरती. तिच्या कडेची शेते एकेक करून विकली जातात, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या बिल्डरांना. प्रत्येक जण आपल्या सर्व्हे नंबरपुरता लेआउट मंजूर करून घेतो.

खरी गडबड इथेच होते. एका लेआउटचा अंतर्गत रस्ता कंपाउंडच्या भिंतीशी थांबतो. भिंतीपलीकडे शेजारच्या लेआउटचा रस्ताही तिथेच येऊन थांबलेला असतो. मध्ये नऊ इंच वीट आणि वर काटेरी तार. दोन्हीकडची माणसे मुख्य रस्त्याला वळसा घालून एकमेकांकडे जातात. वाघोलीसारख्या भागात नगर रस्त्यावर जो भार पडतो, त्यात असे वळसेही आहेत. नुसता उड्डाणपूल बांधून ते जात नाहीत.

विकास आराखड्यात (शहराच्या पुढच्या वाढीचा कायदेशीर नकाशा) जोडरस्ते आखलेले असतात. पण मधली एखादी जागा ताब्यात येत नाही आणि रस्ता तुटक राहतो. पुण्यात याला ‘मिसिंग लिंक’ म्हणतात. यावर नगररचना योजना हा जुना, चांगला उपाय आहे. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते काढायचे आणि मग प्रत्येकाला नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. पूर्वीच्या भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, अशी योजना झाली. माझ्या मते शहरात नव्याने आलेल्या गावांत परवानग्यांच्या आधी हेच व्हायला हवे.

कारण एकदा पडलेली रचना सहसा बदलत नाही. आणि नव्या रचना बिघडतच चालल्या आहेत, असे बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले. जगातल्या बहुतेक मोठ्या देशांत 1975 नंतरच्या वस्त्यांमधले रस्ते कमी जोडलेले होत गेले आहेत.

वाघोलीसह 23 गावे 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. आपल्या भागाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, की आपला सर्व्हे नंबर शोधा, शेजारच्या लेआउटकडे जाणारा रस्ता आखला आहे का ते पाहा आणि नसेल तर मुदतीत लेखी हरकत नोंदवा.