पाणी अडवले, आता हिशेबही हवा

वर्धा जिल्ह्यात सरासरी पाऊस 1000 मिलिमीटरच्या आसपास पडतो. तरीही अनेक गावांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. याचे मोठे कारण जमिनीखाली आहे. इथल्या बेसॉल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठते. त्यामुळे चार महिन्यांचा पाऊस उतारावरच थोपवून मुरवला नाही, तर तो नाल्यांतून वर्धा नदीला जाऊन मिळतो. आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्याशा आदिवासी गावाने हे ओळखले. समतल चर आणि बांधबंदिस्तीसाठी गावकऱ्यांनी श्रमदान केले आणि 2017 च्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला.

बोर आणि धाम नद्यांवर धरणे असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. धरणांची गरज आहेच. पण कालव्याचे पाणी उताराने खाली वाहते, वरच्या अंगाच्या गावांना ते आपोआप मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पाणी दिसले की बोअरवेल वाढतात आणि साठा पुन्हा संपतो. म्हणूनच अडवण्याइतकेच वाटपही महत्त्वाचे. भूजल कुंपण ओळखत नाही. एकाचा खोल बोअर शेजाऱ्याची विहीर आटवू शकतो. पावसाळा संपताच ग्रामसभेने विहिरींची पातळी मोजावी, पिण्याचे पाणी आधी राखून ठेवावे आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचे पीक ठरवावे. हा हिशेब प्रत्येक गावाने याच वर्षी सुरू करावा.