पायलटची चूक की स्क्रीनची? एका ‘३३’ची गोष्ट

विमान अपघात झाला की थोड्याच वेळात मोबाइलवर नोटिफिकेशन येतं, ‘पायलटच्या चुकीमुळे अपघात?’ आपण वाचतो, हळहळतो आणि पुढे स्क्रोल करतो. मीही तेच करायचो. पण चूक नेमकी कशी होते? एक खरं उदाहरण बघूया.

२० जानेवारी १९९२. एअर इंटरचं फ्लाइट १४८ फ्रान्समध्ये लियॉंहून स्ट्रासबर्गला चाललं होतं. विमान एअरबस ए३२०, त्या काळातलं एकदम आधुनिक. संध्याकाळच्या अंधारात, उतरायच्या तयारीत असताना ते डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ जण गेले.

विमान हवं त्यापेक्षा खूपच वेगाने खाली येत होतं. तपासात सर्वात पटणारं कारण पुढे आलं ते असं: ऑटोपायलटला ‘खाली चल’ सांगायचे दोन मोड होते. एकात उताराचा कोन द्यायचा, दुसऱ्यात मिनिटाला किती फूट ते. नॉब तोच, आकडा दिसायची जागाही तीच. कोनाच्या मोडमध्ये ‘-३.३’ म्हणजे ३.३ अंशांचा हलका उतार. दुसऱ्या मोडमध्ये ‘-३३’ म्हणजे मिनिटाला तब्बल ३३०० फूट! आकड्यात फरक फक्त एका टिंबाचा.

त्यात दोन्ही पायलटांना ए३२० चा अनुभव कमी, आयत्या वेळी बदललेला लँडिंगचा प्लॅन आणि जमीन जवळ आल्यावर ओरडून सावध करणारी यंत्रणा विमानात बसवलेलीच नाही. अशा गडबडीत ते टिंब तुम्हाला-मला दिसलं असतं का?

पुढे डिस्प्ले बदलला. आता तिथे पूर्ण ‘-३३००’ दिसतं.

ही गोष्ट नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं जमिनीवर उतरल्यावर पायलट फ्लॅप्सऐवजी चुकून चाकंच आत घ्यायचे. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपॅनिस यांनी पाहिलं, तर दोन्हींची बटणं शेजारी-शेजारी आणि सारखीच! उपाय साधा होता: चाकांच्या बटणाला चाकाचा आकार. आजही विमानांत तो दांडा चाकासारखाच असतो.

याचा अर्थ पायलट कधीच चुकत नाही, असं नाही. पण ‘चूक कोणाची’ इथेच थांबलो, तर पुढचा माणूस तीच चूक करणार.

आमच्या ॲपमध्ये औषधाच्या रिमाइंडरसाठी एकच रकाना होता, तास आणि मिनिटं दोन्हींसाठी. एका आजोबांनी ३० मिनिटांऐवजी ३० तास टाकले, गोळी चुकली. मी तिकिटावर ‘युजर एरर’ लिहून ते बंद केलं होतं. ‘३३’ची गोष्ट वाचल्यावर ते पुन्हा उघडलं आणि दोन वेगळे रकाने केले. म्हणून सांगतो, ॲपमध्ये काही चुकीचं दाबलं गेलं तर लगेच स्वतःला बावळट समजू नका. फीडबॅक पाठवा. तो वाचणारा कोणीतरी माझ्यासारखा असतो.