स्थानिक अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय न्याय

आंतरराष्ट्रीय कायदा म्हटला की तह, सीमावाद आणि युद्धे यांचेच चित्र डोळ्यांसमोर येते. तथापि, एका लहानशा प्रशासकीय घटकाच्या प्रमुखासही या कायद्यापुढे जाब द्यावा लागतो, हे आफ्रिकेतील रवांडा देशासंबंधीच्या एका खटल्याने दाखवून दिले.

वंशसंहाराचा गुन्हा रोखण्याविषयीचा व त्याबद्दल शिक्षा करण्याविषयीचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९४८ रोजी संमत केला. भारताने १९५९ मध्ये त्यास मान्यता दिली. कराराच्या चौथ्या कलमानुसार अपराधी राज्यकर्ता असो, सरकारी अधिकारी असो वा सामान्य नागरिक, तो शिक्षेस पात्र ठरतो.

१९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत लक्षावधी तुत्सींची हत्या झाली. त्यास जबाबदार असणाऱ्यांवर खटले चालविण्यासाठी सुरक्षा परिषदेने ८ नोव्हेंबर १९९४ रोजी विशेष न्यायाधिकरण स्थापन केले. त्याचे कामकाज टांझानियातील अरुशा येथे चाले.

या न्यायाधिकरणापुढील एक आरोपी होता झाँ-पॉल अकायेसू. प्रथम शिक्षक, पुढे शाळा-निरीक्षक आणि १९९३ पासून ताबा या कम्यूनचा, म्हणजे स्थानिक प्रशासकीय घटकाचा, तो प्रमुख होता. सुव्यवस्था राखणे हे त्याचे कर्तव्य होते व स्थानिक पोलीस त्याच्या हाताखाली होते. १८ एप्रिल १९९४ पर्यंत त्याने हिंसाचार रोखण्याचा प्रयत्न केला, असे न्यायाधिकरणास आढळून आले. त्यानंतर मात्र तो मारेकऱ्यांना सामील झाला. ताबात किमान दोन हजार तुत्सी मारले गेले. कम्यूनच्या कचेरीत आश्रयासाठी आलेल्या स्त्रियांवर तेथेच अत्याचार झाले. ते ठाऊक असूनही त्याने रोखले नाहीत, उलट उत्तेजनच दिले.

२ सप्टेंबर १९९८ रोजी तो दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहाराबद्दल एखाद्यास दोषी ठरविण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. एखादा समाजगट नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हाही वंशसंहारच, असे याच निकालाने प्रथम स्पष्ट केले. पुढील महिन्यात त्यास जन्मठेप झाली. २००१ मध्ये अपिलातही ती कायम राहिली.

ज्या अधिकाराच्या बळावर अकायेसूने काही दिवस माणसे वाचविली, तोच अधिकार पुढे संहाराच्या कामी आला. कचेरी लहान असली, तरी तिच्या दाराशी आलेल्या निराधारांचे प्राण तेथील अधिकाऱ्याच्या हाती असतात. हे दायित्व झिडकारणाऱ्यास केवळ पदाच्या लहानपणामुळे सुटका मिळत नाही, हाच या निकालाचा बोध होय.